कादंबरीतली ती

कादंबरी बाजारात आली आणि लेखिकाबाई फोनकडे डोळे लावून बसल्या. कुणाच्या मयताला गेली तरी स्वतःचंच कौतुक सांगत बसणारी नायिका त्यांनी आपल्या मैत्रिणीवरून हुबेहूब उतरवली होती. मैत्रीणही लिहायची, आणि गेल्या वर्षीचं मोठं बक्षीस तिनेच पटकावलं होतं. आता ती वाचणार, फणफणणार, फोनवर भांडणार! त्याशिवाय बाईंच्या जिवाला थंडावा नव्हता.

फोन आला. मैत्रीण चक्क रडत होती.

"कसं गं लिहिलंस? स्वतःचेच इतके वाभाडे काढायचे म्हणजे केवढी हिंमत! मला नसतं बाई जमलं."

बाईंनी फोन आपटला. "ऐकलंत का? तिला वाटतंय, ती नायिका म्हणजे मी!"

वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणारे नवरोजी थबकले. "म्हणजे... नाहीयेस?"

बाई उसळून काही बोलणार, तोच फोन पुन्हा वाजला. या खेपेला वाहिनीवाले होते. स्वतःबद्दल इतकं निर्दय खरं लिहिणाऱ्या लेखिकेची त्यांना मुलाखत हवी होती.

"अहो, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय," बाई तडकून म्हणाल्या. मग जरा थांबल्या. "आणखी कोण आहे कार्यक्रमात? म्हणजे, माझी मैत्रीण वगैरे?"

"छे छे, कुणीच नाही. अख्खा तास फक्त तुमचा."

बाईंनी घसा खाकरला, आवाज थोडा ओला केला.

"बरोबर ओळखलंत तुम्ही. ती मीच."