घर राखायचं हत्यार

"हे नको." ऑर्विलने गुलाबी मुठीचं इवलंसं पिस्तूल केंड्राच्या हातून अलगद काढून घेतलं. "हे पर्समध्ये शोभतं. माणूस घाबरला की हात थरथरतो, मग हे चोर सोडून छताला भोक पाडतं."

केंड्रा कितीतरी दिवसांनी हसली. तिच्या गावातल्या दुकानदाराच्या तोंडात तीळ भिजत नसे, म्हणून ती सत्तर मैल गाडी हाकत वायोमिंगच्या या टोकाला आली होती.

"मग ती?" तिने भिंतीवरच्या रायफलीकडे बोट केलं.

"बाईसाहेब, हरीण मारायचंय की घर राखायचंय? घर कसलं आहे?"

"ट्रेलर. भिंती पुठ्ठ्यासारख्या. पलीकडे लेक झोपते, चार वर्षांची."

"मग हिची गोळी भिंत फोडून पोरीपर्यंत जाईल. नकोच."

ऑर्विल दुकानदार म्हणून अजबच. गिऱ्हाइकाला 'नको' म्हणण्यातच त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

"येणारा ओळखीचा आहे?" त्याने विचारलं.

"दोन वर्षं माझ्याच घरात राहिला. हाकलला, तर आता दार फोडतो. मागच्या खेपेला लेकीसमोर माझा हात मोडला."

"त्याचा कान धरणारं कुणी नाही?"

"आईबाप वारले म्हणतो." तिने पर्समधून कोर्टाचा मनाई हुकूम काढला. "हा दाखवावा लागतो का?"

लागत नव्हता. तरी ऑर्विलने चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि नीट घडी घालून परत दिला.

"बस पोरी," तो म्हणाला. "हे उभ्याउभ्या उरकायचं काम नाही."

त्याने छर्रे उडवणारी हलकी, वीस गेजची शॉटगन काढली. तिच्या खांद्याच्या मापाचा आखूड दस्ता बसवला. तिच्या नावावर गुन्हा नाही ना, ही सरकारी तपासणी फोनवरून आटोपली, तशी दाराची पाटी उलटी करून तो तिला मागच्या टेकडीशी घेऊन गेला. तिथे नेमासाठी एक जुना पत्रा उभा होता.

"घरभर शोधत फिरायचं नाही," तो सांगत होता. "लेकीला घेऊन पलंगामागे बसायचं. पोलिसांना फोन. मग ओरडून सांगायचं, माझ्याकडे बंदूक आहे. तरीही दार तुटलं, तर छातीवर नेम."

तिने दहा काडतुसं उडवली. शेवटच्या तिन्हींनी पत्र्याची चाळण झाली.

"आणि तो मेला तर?" तिने हळूच विचारलं.

ऑर्विलने खाली पडलेली रिकामी काडतुसं एकेक करून वेचली.

"तेव्हा लेकीकडे बघ," तो म्हणाला.

जाताना त्याने कुलपाची पेटी तिच्या गाडीत ठेवली. "ही माझ्याकडून. घरात लेकरू आहे, बंदूक उघड्यावर नको."

केंड्राला रडू आवरेना. तिने म्हाताऱ्याला मिठीच मारली. "सगळ्यांनी मला नुसते कागद दिले हो. तुम्ही अख्खी दुपार दिलीत. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

"सावकाश जा. रस्त्यात हरणं आडवी येतात."

गाडी दिसेनाशी झाल्यावर ऑर्विल आत आला. सहा वर्षांत एकदाही न लावलेला नंबर त्याला अजून पाठ होता.

"डॅरेल," तो म्हणाला, "केंड्राच्या दाराशी फिरकू नकोस. नेम धरायला तिला तुझ्या बापानं शिकवलंय."