एकोणीस खराब पिक्सेल

तिने चौथा पिक्सेल खराब ठरवला, तशी पडद्यावरची रेषा निम्म्यावर आली. सातवा ठरवला, तेव्हा ती गेलीच.

अवकाशातल्या दुर्बिणीकडून येणाऱ्या वर्णपटात काही पिक्सेल खरोखरच खराब असतात. कुठे वैश्विक किरण आपटलेला असतो, कुठे एखादा पिक्सेल उगाच चमकत राहतो. त्यांच्यापुढे खूण केली की संगणक त्यांना विचारात घेत नाही. तांदळातले खडे वेचावेत तसं रोजचं काम. पण हे सात पिक्सेल ठणठणीत होते. त्यांच्यावर ऑक्सिजनचा उजेड पडला होता.

आणि तो तिथे पडायला नको होता. अवरक्त छायाचित्रातला तो लालसर ठिपका तिनेच हेरला होता; जितकं लाल, तितकं सहसा दूरचं आणि जुनं. विश्व जेमतेम पंचवीस कोटी वर्षांचं असतानाची दीर्घिका! विभागात सगळे त्या दीर्घिकेला ‘पणजीबाई’ म्हणायचे. खातरजमा करायची तर वर्णपट हवा, आणि त्यासाठी दुर्बिणीवर वेळ मिळायला दीड वर्ष गेलं. आज सकाळी तो आला. त्यात तीन ठसठशीत रेषा होत्या. इतक्या जुन्या दीर्घिकेच्या वर्णपटात त्या जागी रेषा नसतातच. अर्थ एकच निघत होता. पणजीबाई बऱ्याच अलीकडच्या होत्या, बऱ्याच नंतरच्या. लाल दिसत होत्या त्या नुसत्या धुळीमुळे.

तीन वाजता नेमणुकांच्या समितीची बैठक होती. दीर्घिका खरंच तेवढी जुनी निघाली तर तिला नोकरीची आणखी दोन वर्षं, नाहीतर महिनाअखेरीला टेबल रिकामं करायचं. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. नवऱ्याचा फोन तिसऱ्यांदा वाजून थांबला. तिने दुसरी रेषा झाकली. मग तिसरी.

“काय म्हणतायत पणजीबाई?”

सर दारात उभे होते, हातात बैठकीचे कागद. गेल्याच महिन्यात परिषदेत त्यांनी तो ठिपका भिंतीएवढा करून दाखवला होता. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

तिला पडद्यावरची खिडकी बंद करायला वेळ मिळाला नाही. ते मागे येऊन थांबले आणि बराच वेळ बघत राहिले. वर्णपट आता जवळजवळ सपाट होता, हवा होता तसा.

“किती झाकलेस?”

“एकोणीस.”

“खराब आहेत?”

तिने नकारार्थी मान हलवली.

“अगं, वर्षभरात हे सगळ्यांसाठी खुलं होईल. कुणीही मूळ फाइल उघडेल आणि दहा मिनिटांत पकडेल.”

“माहीत आहे, सर.”

“मग?”

“त्या वर्षात मी दुसरी शोधीन.” ती खुर्चीसकट त्यांच्याकडे वळली. “खरी. ती सापडली की हिच्याबद्दल मीच सांगेन, चुकलं म्हणून. आहेत हो तिथे, नक्की आहेत. मला फक्त बसायला टेबल हवंय.”

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला.

“सकाळपासून काही खाल्लंस का?”

“नाही.”

ते दाराकडे गेले. संपलं सगळं, असं वाटून तिने डोळे मिटून घेतले. कडी लागल्याचा आवाज आला. मग शेजारची खुर्ची ओढल्याचा.

“सरक जरा,” सर म्हणाले. “तिसऱ्या रेषेच्या कडेचे दोन राहिलेत.”