साठ किलोमीटरांचा घाट

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. पाच-सहा किलोमीटरांत ते झिजून जातात. नवऱ्याने कालच स्वतःच्या सायकलला बसवलेल्या टायरवर, साठ किलोमीटरांचा घाट चढून आल्यावरही, ते ताठ उभे होते.

किल्ल्याच्या दाराशी तो नेहमीप्रमाणे तिच्याआधी पोचून चहा पीत बसला होता. “या, गोगलगायबाई! आता सायकलही सोडा, झेपत नाही तुम्हाला.”

हेच ऐकून तिने आधी गाडी चालवणं सोडलं होतं, मग नोकरी.

“ट्रक कुठे मिळाला?” तिने विचारलं.

तो ओशाळून हसला. “पायथ्याशीच. दर सहलीला मिळतो गं कुणीतरी. गंमत केली, एवढं काय तोंड पाडतेस?”

दोन वर्षं ओठांपर्यंत येऊन परत जाणारं वाक्य या वेळी तिने गिळलं नाही.

“मी वेगळी राहणार आहे.”