मध्यंतरानंतरची खुर्ची

मध्यंतर झालं तशी आईने पिशवी उचलली. लेक गोलकीपर. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलायचे, लेक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायची आणि तिच्यामागोमाग आईही. बायकांची लीग सुरू झाली तेव्हापासूनचा हा नेम. तेव्हा बघायला चिटपाखरूही नसायचं; लेकीने मागे वळून पाहिलं तर एक तरी माणूस दिसावं, एवढंच आईचं म्हणणं.

आज मात्र त्या टोकाला मुंगी शिरायलाही जागा नव्हती. आईच्या नेहमीच्या खुर्चीत एक तरुण मुलगी ठाण मांडून बसली होती, आणि तिच्या जर्सीवर पाठीला लेकीचंच नाव होतं.

पिशवी सावरत उभ्या राहिलेल्या आईची तिला दया आली. तिने सरकून अर्धी खुर्ची मोकळी केली.

"बसा काकू. पहिल्यांदाच आलात वाटतं? इथे आधी येऊन जागा धरावी लागते."

आई अंग चोरून बसली. समोर हातमोजे चढवता चढवता लेक मागे वळली. एवढ्या गर्दीत आई काही तिला सापडेना, तरी ती हसली.

"हो ना," आई म्हणाली, "मला मेलीला सवयच नाही जागा धरायची."