एकच उतार

“एकच उतार उघडा आहे, यासीन. एवढा मोठा डोंगर आणि एकच उतार,” अबू फहद स्वित्झर्लंडहून फोनवर करवादत होता. “बाकी सगळीकडे दोर बांधलेत. बर्फच पडला नाही अजून. यंत्राने बर्फ उडवतात आणि त्या एवढ्याशा पट्ट्यावर सगळं गाव घसरतं. मुलं कंटाळलीत. मुलांची आई तर माझ्याशी बोलतच नाही.”

“वाईट झालं, शेख,” यासीन म्हणाला. हातातलं चिकटपट्टीचं रीळ त्याने मनगटात सरकवलं आणि रिसिव्हर नीट धरला.

सौदीतल्या हुफूफ शहरातल्या त्या प्रशस्त बंगल्यात आता दोनच माणसं उरली होती. ड्रायव्हर यासीन आणि त्याची बायको शरफुन्निसा. ती स्वयंपाक करायची, मालकाची मुलं सांभाळायची. कुवेत गिळून इराकी फौज सरहद्दीवर बसली होती, तिला माघारीसाठी दिलेली पंधरा जानेवारीची मुदत ज्याच्या त्याच्या तोंडी होती, आणि मालक अबू फहद डिसेंबर लागताच बायकामुलांना घेऊन स्कीइंगला निघून गेला होता. बर्फ वितळेपर्यंत सगळं मिटेल, असं जाताना म्हणाला होता. बर्फ पडणारच नाही, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

खरं तर यासीनला त्या बर्फाशी काय देणंघेणं. पण दोघांचे पासपोर्ट अबू फहदच्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली त्याच्या खिशात आणि खिसा तिकडे डोंगरावर. कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाची, सही असल्याशिवाय देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. शरफुन्निसाला सातवा सरत आला होता. पुढे विमानवाले घेत नाहीत, आणि जानेवारीत विमानं तरी उडतील की नाही, अल्लाला ठाऊक. बाळंतपण रत्नागिरीत व्हावं की इथे भोंग्यांच्या आवाजात, एवढाच प्रश्न होता आणि तो यासीनला झोपू देत नव्हता.

“आता खरं सांग,” अबू फहद म्हणाला. “इथे टीव्हीवर काहीबाही दाखवतात. तू घरात आहेस. तिकडे कसं आहे? शांत असेल तर गुरुवारी निघतो. आलो की पहिलं तुमच्या एक्झिटचं काम. मागे लागला होतास ना?”

यासीनने खिडकीकडे पाहिलं. स्फोट झालाच तर काच अंगावर उडू नये म्हणून सकाळपासून तो तावदानांवर पट्ट्यांच्या फुल्या मारत होता. सकाळीच भोंग्याची चाचणी झाली होती आणि शरफुन्निसाच्या हातून भाताचं पातेलं निसटलं होतं. हमरस्त्यावरून अमेरिकन फौजेचे ट्रक उत्तरेकडे चालले होते, ते संपता संपत नव्हते. समोरचे, शेजारचे, कोपऱ्यावरचा खजूरवाला, सगळे घरांना कुलपं घालून दूर जिद्दाला पळाले होते.

“शांत आहे, शेख,” तो म्हणाला. “गल्लीत आवाज नाही.”

आवाज करायला गल्लीत कुणी उरलंच नव्हतं.

“वल्लाही? अल्लाची शपथ?”

“वल्लाही,” यासीन म्हणाला, आणि त्याचे कान तापले. इतक्या वर्षांत गाडीवरच्या ओरखड्याबद्दलसुद्धा तो या माणसाशी खोटं बोलला नव्हता. म्हणून तर त्याचा शब्द टीव्हीपेक्षा खरा. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि गुरुवार ऐकून मोकळंही वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही.

“बरं मग, यल्ला. थांब, नूराला शरफाशी बोलायचंय.”

शरफुन्निसा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. नूरा मालकाची धाकटी, बोलायला लागली तीच हिच्या मांडीवर. तिचा चिरका आवाज रिसिव्हरबाहेर ऐकू येत होता.

“शरफा, इथे बर्फ नाही. खाली दगड आहेत. मी पडले.”

“लागलं का गं?”

“गुडघ्याला. शरफा, बाबा म्हणतात घरी जाऊ. घरी युद्ध आलंय का?”

शरफुन्निसाने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने फक्त तिच्या पोटाकडे पाहिलं. तिचा हात आधीच तिथे होता.

“नाही आलं,” ती म्हणाली. “ये तू. मी आहे ना.”

तिने फोन ठेवला.

“काय होणार नाही,” यासीन म्हणाला. “सगळे बोलतात, ऐन वेळेला मिटेल. आणि पैसेवाली माणसं ती. वाटलं तर जातील जिद्दाला.”

ती कोठीच्या खोलीत गेली. मालकाच्या कुटुंबाला सरकारकडून मिळालेले गॅसचे मुखवटे तिथे खोक्यांतच पडून होते. नोकरांना मिळाले नव्हते. विषारी वायू आलाच तर बादलीत भिजवून तोंडावर धरायला त्या दोघांसाठी दोन टॉवेल काढून ठेवले होते. तिने सगळ्यांत लहान खोकं उचललं, बाहेर येऊन भिंतीच्या आधाराने फरशीवर बसली आणि आतला मुखवटा मापासाठी स्वतःच्या गुडघ्यावर चढवला. पट्टा ओढला, सैल केला, पुन्हा ओढला.

“तिचं डोकं एवढंच हाय,” ती म्हणाली.

यासीन नुसता उभा होता.

“बघता काय? शिडी घ्या तुमी,” ती वर न पाहता म्हणाली. “तिच्या खोलीची काच र्‍हायलीय.”

यासीनने शिडी नूराच्या खोलीत नेली आणि वर चढला. रीळ हातात फिरवत तो नखाने पट्टीचं टोक शोधत राहिला. टोक काही सापडेना.