आपापलं ताट

यातून धोंडूला मिळणार होतं ते असं: रस्त्याच्या वळणावर एक पाटी, पाटीवर 'हवामान-मित्र वाडी' अशी हिरवी अक्षरं, खाली वाडीप्रमुख म्हणून त्याचं नाव, आणि पेपरात फोटो. जाणार काहीच नव्हतं. हिशेब त्याने दोनदा करून पाहिला होता.

पंचायतीचं म्हणणं एवढंच, की वाडीने रोजच्या वागण्यात पाच बदल करून दाखवायचे. चार झाले होते. रस्त्यावरचे दिवे उजाडल्यावर बंद व्हायला लागले. बागेतला पातेरा जाळायचा सोडून खड्ड्यात कुजवायला घातला. रत्नागिरीच्या बाजाराला जाताना एका रिक्षात एकाऐवजी तिघं बसायला लागली, आणि पिशव्या कापडाच्या झाल्या. पाचवा बदल आज होता, वाडीच्या पूजेच्या जेवणाला: थर्माकोलची पत्रावळ नाही, प्लास्टिकचा ग्लास नाही. दर वर्षी पंगती उठल्या की तो ढीग व्हाळात, ओढ्याच्या कोरड्या पात्रात, नेऊन पेटवायचे, आणि त्या काळ्या धुरात उभे राहून पुरुषमंडळी यंदा आंब्याला मोहोर का धरला नाही याची चर्चा करायची.

"ताट ज्याने त्याने घरून आणायचं," धोंडूने आठवडाभर आधी सांगितलं होतं. "आपापलं आणायचं, आपापलं धुवायचं."

"भावोजी, जन्मात एक वाटी तरी विसळलीत काय?" त्याची थोरली भावजय कमळा म्हणाली होती.

"वहिनी, नियम तो नियम."

नियमाप्रमाणे आज सकाळी धोंडूने घरून स्वतः ताट आणलं. आपापलं, म्हणजे एक. त्याची बायको सखू तेव्हा घरी नव्हती. ती उजाडायच्या आधीच देवळामागे नारळ खवायला बसली होती.

पुरुषांची पंगत पहिली. भात, काळ्या वाटाण्याचं सांबारं, शिरा. जेवण झालं आणि नळावर अशी गर्दी उसळली, जशी काही टँकरची वेळ झाली. काशीरामने ताटाची पुढची बाजू तेवढी धुतली आणि मागची देवावर सोडली. पण धुतली. दापोलीला शिकणारी पोरं तर एकमेकांवर पाणी उडवत धूत होती. धोंडूला तेवढी सवड नव्हती. पेपरवाला विनीत कॅमेरा घेऊन आला होता. पत्रावळीवरून उठावं तसा धोंडू उठला, हात धुतले, टोपी सरळ केली आणि पूजेच्या मखराशेजारी जाऊन उभा राहिला.

तोवर बायकांची पंगत बसली. चाळीस जणी, चाळीस ताटं पुढ्यात. सखू शेवटी आली, पदराला हात पुसत बसली, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्यापुढे नुसती जमीन आहे.

"पत्रावळ दे गो तिला एक," कोणीतरी म्हणालं.

"खयची पत्रावळ?" कमळा सखूकडे बघत म्हणाली. "बंदी नाय झाली? तुझ्याच घोवाने केली. आणि दुसऱ्याचं ताट चालायचं नाय, आपापलं म्हणजे आपापलं."

घर होतं वर सड्यावर. जाऊन येऊन अर्धा तास. एकीपुढे पान नाही तोवर पंगतीने घास उचलायचा नाही, हा वाडीचा जुना नियम. वाढलेला भात चाळीस ताटांत निवायला लागला.

तेवढ्यात मायक खरखरला. मायकावर धोंडूची लेक सानवी होती. "एक ताट न धुता राहिलं आहे," ती म्हणाली. ताट कोणाचं ते तिला पाठ होतं, तरी तिने उलटं करून त्यावर कोरलेलं नाव नीट वाचून दाखवलं. "सौ. सखू हिस, मामाकडून, लग्नात सप्रेम भेट."

मंडपात हशा झाला. धोंडूच्या जिवात जीव आला. नाव त्याचं नव्हतं.

"सखू," तो मखराजवळूनच म्हणाला, "तुझं ताट गो. उठ, घे पटकन धुवून."

सखू सवयीने अर्धी उठली. चाळीस जणींकडे तिने पाहिलं, निवणाऱ्या भाताकडे पाहिलं. आणि परत मांडी घातली.

"नाव माझंच," ती म्हणाली. "शितं तुमची. मी बसलंय. आणा."

कोणी हसलं नाही. वाट बघायला लागले सगळे. विनीतने कॅमेरा मखराकडून नळाकडे वळवला.

धोंडू गेला. धोतर सावरून उकिडवा बसला, मूठभर राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि घासायला लागला. धुवून आणलेलं ताट कमळाने वाटेतच अडवलं, उलटं केलं, आणि एक बोट मागून फिरवलं.

"काशीरामाचे चुलतभाव शोभता हो," ती म्हणाली.

तो परत गेला. दुसऱ्या खेपेला आलं ते ताट चकचकीत होतं. कोरलेल्या अक्षरांत राख बसून सखूचं नाव लग्नाच्या दिवशी असेल तसं ठळक दिसत होतं. तिने ते पुढ्यात ठेवलं. भात पडला, आणि चाळीस हात एकदम ताटांत गेले.

पाटी पुढे लागली. फोटोही आला, उकिडवा. एकूण जमाखर्च असा: व्हाळात धूर नाही. पाणी अर्धी बादली, राख दोन मुठी, टोपी थोडी भिजली. ते सगळं धोंडूकडून. सखूचं काही गेलं नाही. तिने भात दोनदा मागून घेतला, शिरा तीनदा, आणि जेवून उठली ती ताट तिथेच ठेवून.