हंबीररावांची म्हैस

"असलं चोरटं पोरगं म्या आजवर बघितलं न्हाय, सायेब!"

हंबीररावांचा आवाज रिमांड होमच्या पत्र्याला धडकून रस्त्यापर्यंत गेला. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत माणूस हळू बोलला, तर बरं नाही का म्हणून विचारतात. मॅजिस्ट्रेटसाहेबांना हे ठाऊक नव्हतं. ते नुकतेच कोकणातून बदलून आले होते. "जरा शांतपणे सांगा," ते म्हणाले.

मुलांचं कोर्ट इथंच, होमच्या जेवणाच्या खोलीत भरायचं. टेबलासमोर आकाराम खाली मान घालून उभा होता. पंधराएक वर्षांचा पोरगा. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर माणदेशातून जगायला आला, आई गेली आणि पोरगं रस्त्यावर पडलं. हंबीररावांची म्हैस त्यानं दुधाच्या कट्ट्यावरून सोडून नेली होती, विकायला म्हणून. विकली मात्र नाही. पोलिसांना तो आठ दिवसांनी सापडला तेव्हा उचगावच्या ओढ्यात तिला घासून धूत होता.

आज निकाल होता. सांभाळणारं कुणी पुढं आलं नाही, तर अठरा वर्षांचा होईपर्यंत त्याची रवानगी पुण्यापलीकडच्या सरकारी शाळेत होणार होती. नावाला शाळा, कुंपणाच्या भिंतीवर काचा लावलेली. प्रोबेशन अधिकारी प्रमोदिनीबाईंनी त्याच्यासाठी गावातली किती दारं ठोठावली, पण चोराला घरात कोण घेणार? शेवटी जड मनानं त्यांनी तसंच कळवलं. बाई कधी खोटं बोलत नसत आणि दुसऱ्याचं खपवूनही घेत नसत. होममधली पोरं त्यांना पाठीमागं 'तराजू' म्हणायची.

"आता तुमची तक्रार काय आहे?" साहेबांनी विचारलं. "म्हैस तर परत मिळाली ना?"

"मिळाली की! पर काय उपेग?"

कोल्हापुरात दूध माणसाकडं येत नाही, माणूस दुधाकडं जातो. म्हशी कट्ट्यावर आणून बांधतात आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात. पाणी मिसळायची सोयच नाही. हे सगळं हंबीररावांनी साहेबांना हातवारे करून समजावलं.

"गिऱ्हाइकं भांडी घिऊन हुबी, आन म्हस पान्हा सोडंना! कासंला हात लावू देईना. लाथा झाडत्या. ह्या पोराच्या हाताची सवं लागल्या तिला. माझा धंदा बसला की, सायेब!"

बोलताना ते साहेबांकडं बघत होते, शिपायाकडं बघत होते, पत्र्याकडंसुद्धा बघत होते. प्रमोदिनीबाईंकडं तेवढं बघत नव्हते.

"म्हणजे शिक्षा वाढवायची म्हणता?"

"शिक्षा घाला चुलीत! पोरगं माझ्या गोठ्यावर पाठवा. ऱ्हाईल, खाईल, धार काढंल. घरातली दोन घास जास्त रांधंल. ह्याच्याबिगार माझी म्हस आटंल, सांगून ठेवतो."

आकारामनं मान वर केली. इथं आणल्यापासून त्यानं कुणाला धड उत्तर दिलं नव्हतं.

"आदी पाठीवरनं हात फिरवाय लागतोय," तो म्हणाला. "मग तिच्यासंगं बोलायचं. हळू. वरडायचं न्हाय. मग सोडत्या ती."

"बघा! बघा!" हंबीरराव ओरडले.

आपल्यावाचून कुणाचं तरी अडलंय, हे त्या पोरानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचंही त्याला सुचत नव्हतं. पोटचं नसलं म्हणून काय झालं, असं पोर कुणाच्या तरी दारात असायला हवं, असं प्रमोदिनीबाईंना फार वाटलं.

साहेब मात्र कायद्याचे माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, मला म्हशीतलं काही कळत नाही. तुमच्या शब्दावर मी हुकूम करीन. हे सांगतात त्याची तुम्ही खात्री केली आहे का?"

हंबीरराव पायातली चप्पल नवीच असल्यासारखे तिच्याकडं बघत राहिले.

बाई उठल्या. पदर सावरला.

"केली आहे, साहेब. म्हैस दूध देत नाही. मी स्वतः बघितलंय."

साहेबांनी सही केली. हंबीररावांनी आकारामच्या पाठीत एक धपका घातला आणि "चल रं, उशीर झाला," म्हणत त्याला बाहेर नेलं.

त्याच दिवशी सकाळी प्रमोदिनीबाई नेहमीप्रमाणे कट्ट्यावर गेल्या होत्या, आणि हंबीररावांनी त्याच म्हशीचं फेसाळ दूध त्यांच्या भांड्यात काठोकाठ काढून दिलं होतं.